बाबा म्हणतात व्हेंटिलेटर नको, लिहून दिलं तर कायदा मानतो का?

सायली_७८

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा.

बाबा ७४ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी मोटर न्यूरॉन डिसीज निघाला. आधी उजव्या हाताची पकड गेली, मग बोलणं जड झालं, आता पाणी पिताना ठसका लागतो आणि रात्री बायपॅप (श्वासाला मदत करणारं मास्कचं मशीन) लावून झोपतात. डोकं मात्र एकदम शाबूत, पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. माझ्या मुलाची जुनी पाटी घेतलीये, त्यावर डाव्या हाताने लिहून बोलतात. मागच्या व्हिजिटला न्यूरोलॉजिस्ट म्हणाले की पुढे कधीतरी श्वास कमी पडायला लागेल, तेव्हा गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर लावायचा की नाही ते घरात आत्ताच बोलून ठेवा. आम्ही सगळे गप्प. बाबांनी पाटी पुढे ओढली आणि लिहिलं "नळी नको". डॉक्टरांनी वाचलं, मान हलवली आणि गोळ्या लिहायला घेतल्या.

तेव्हापासून दादा माझ्याशी धड बोलत नाहीये. त्याचं म्हणणं असलं काही लिहून घेतलंस तर उद्या पोलीस दारात येतील, आपणच बापाला मारलं म्हणतील लोक. मी म्हणते लिहून नाही घेतलं तर ऐनवेळी ते लावतीलच मशीन, आणि मग काढायचं कोणी. आई यातल्या कशातच बोलत नाही.

आणि अजून एक, हे कुणालाच सांगितलं नाहीये. परवा रात्री बाबांनी पाटीवर लिहिलं "इंजेक्शन देऊन सोडवत नाहीत का". मी लगेच पुसून टाकलं, फडक्याने नाही, हातानेच.

तर कायदा नक्की काय आहे? इच्छामरणाला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली असं पेपरमध्ये वाचल्याचं आठवतं, मग ती कशाला दिली आणि कशाला नाही? लिव्हिंग विल (पुढे सांगता आलं नाही तर कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद) कुठे करायचं, कोर्टात जावं लागतं का? कृपया माहिती असणाऱ्यांनीच सांगा, "देवावर भरवसा ठेवा" सांगणारे घरात भरपूर आहेत.

---

काळाकोट

सायलीताई, वकील आहे, पण रोजची कामं दिवाणी, त्यामुळे हा सल्ला नाही, माहिती समजा.

आपल्याकडे घोळ शब्दापासून सुरू होतो. मराठी पेपर दोन अगदी वेगळ्या गोष्टींना "इच्छामरण" हाच एक शब्द वापरतात. एक म्हणजे उपचार नाकारणं किंवा चालू असलेले थांबवणं, माणूस त्याच्या आजारानेच जातो. दुसरी म्हणजे कुणीतरी औषध देऊन मरण आणणं, किंवा ते औषध आणून हातात ठेवणं. पहिल्याला परवानगी आहे. दुसरी आजही गुन्हा आहे, डॉक्टरने केली तरी आणि पेशंटने हात जोडून मागितली तरी. भारतीय न्याय संहितेत आत्महत्येला साहाय्य करणं कलम १०८ खाली येतं, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आणि संमती घेऊन स्वतः इंजेक्शन दिलं तर कायदा त्याला खून म्हणणार नाही कदाचित, पण सदोष मनुष्यवध म्हणेलच, त्याला जन्मठेपेपर्यंत जाता येतं. तेव्हा बाबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर सरळ नाही असं आहे.

आता "नळी नको" बद्दल. तुमचे बाबा शुद्धीवर आहेत, त्यांना कळतंय, ते सांगू शकतात. पाटीवर लिहून सांगितलं तरी ते सांगणंच आहे, निर्णयक्षमता जिभेत नसते. अशा सज्ञान माणसाला उपचार नाकारायचा पूर्ण अधिकार आहे, भले त्या नकाराने जीव जाणार असेल. त्यासाठी लिव्हिंग विल लागत नाही, डॉक्टरांचा बोर्ड लागत नाही, काही लागत नाही. संमतीशिवाय डॉक्टरने हात लावायचा नाही हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने २००८ च्या समीरा कोहली निकालातच पक्कं केलंय. लिव्हिंग विल लागतं ते पुढच्या टप्प्यासाठी, म्हणजे ते बेशुद्ध असतील किंवा काहीच सांगता येणार नाही तेव्हासाठी.

थोडा इतिहास, कारण दादांची भीती तिथूनच येते. १९९६ ला ग्यान कौर निकालात पाच न्यायाधीशांनी सांगितलं की जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. मग २०११ मध्ये अरुणा शानबाग प्रकरण, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची परिचारिका, १९७३ पासून अंथरुणाला. तिच्या बाबतीत कोर्टाने परवानगी नाकारली, केईएमच्या नर्सेसनीच विरोध केला होता, पण अशा केसेसमध्ये हायकोर्टाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील असं पहिल्यांदा म्हटलं. ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज निकालात घटनापीठाने सन्मानाने मरण हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. उपचार नाकारणं म्हणजे आत्महत्या नव्हे हेही त्यातच आहे. दादांना एवढंच वाक्य दाखवा.

२०१८ ची पद्धत मात्र इतकी किचकट होती की कुणी वापरूच शकलं नाही, न्यायदंडाधिकाऱ्याची सही काय, २० वर्षं अनुभवाचे डॉक्टर काय, मग कलेक्टरचा बोर्ड, मग दंडाधिकारी स्वतः पेशंटला बघायला येणार. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानेच ते सोपं केलं. आता सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या माणसाने स्वखुशीने लिहायचं, दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्या वतीने निर्णय कोण घेणार त्याचं नाव घालायचं, एकाहून जास्त चालतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरला, एक स्थानिक संस्थेच्या (महापालिका, नगरपालिका वगैरे) कस्टोडियन, म्हणजे हे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. कोर्टात जायचं काम नाही. आणि मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं.

---

आयसीयू_नाईटड्युटी

काळाकोट यांनी कायदा छान सांगितला, मी बेडच्या बाजूने सांगतो.

सायली, तुमच्या प्रश्नात मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. बाबांनी लिहिलं "नळी नको". कुठली नळी? एमएनडीमध्ये, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये, नळ्यांचा विषय निदान तीनदा निघतो. गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटरला जोडायची ती एक. खाण्यासाठी नाकातून घालतात ती राईल्स ट्यूब दुसरी. आणि पोटातून थेट घालतात ती पेग, तिसरी. पेगने आजार बरा होत नाही, पण ठसका लागत घाबरत घाबरत जेवायचं ते थांबतं, पोटात धड अन्न आणि औषध जातं. आणि ती घालायची असेल तर श्वासाची ताकद बऱ्यापैकी असतानाच घालावी लागते, उशीर झाला की ती छोटी प्रोसिजरसुद्धा धोक्याची होते. म्हणजे एक "नळी नको" धरून बसलात आणि त्यांच्या मनात फक्त गळ्यातली असेल, तर त्यांना हवी असलेली गोष्ट तुम्ही नाकारून बसाल. लिव्हिंग विलमध्ये "कृत्रिम उपचार नकोत" असलं गोलमोल वाक्य लिहिणारे खूप येतात. रात्री अडीचला त्या वाक्याचा मला शून्य उपयोग असतो. लिहायचं तर असं लिहा: गळ्यात ट्यूब नको, ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला भोक) नको, हृदय थांबल्यास छाती दाबणं आणि शॉक नको, बायपॅप चालेल, पेग चालेल किंवा नाही, धाप आणि वेदनेवरची औषधं हवीत. शेवटचं वाक्य विसरू नका.

दुसरं, इंजेक्शनबद्दल. प्लीज पुढच्या वेळी पुसू नका, विचारा. "बाबा नक्की कशाची भीती वाटते?" असं. माझ्या अनुभवात असं लिहिणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांना मरायचं नसतं, त्यांना एका विशिष्ट पद्धतीने मरायचं नसतं. एमएनडीवाल्यांना बहुतेक वेळा गुदमरण्याची भीती असते. त्यावर उपाय आहे, आणि तो कायदेशीर आहे. धाप लागते त्यासाठी कमी डोसमध्ये मॉर्फिन देतात, घाबरं होऊ नये म्हणून दुसरी औषधं, बायपॅपची सेटिंग बदलता येते. मॉर्फिन म्हटलं की लोक दचकतात, पण त्रास कमी करायला योग्य डोसात दिलेलं औषध आणि मारायला दिलेलं औषध यात हेतूचा आणि मात्रेचा फरक आहे, कायदाही तोच बघतो. तुमच्या न्यूरोलॉजिस्टला सांगून पॅलिएटिव्ह केअरची (त्रास कमी करणाऱ्या उपचारांची) टीम आत्तापासून जोडून घ्या, शेवटच्या आठवड्यात नको. आणि डिप्रेशन आहे का तेही एकदा बघून घ्या, ते असेल तर त्यावर औषध आहे आणि मग माणूस काय म्हणतो ते परत ऐकायचं.

तिसरं, मशीन लावणं आणि काढणं. कायद्याच्या नजरेत न लावणं आणि लावलेलं काढणं सारखंच. प्रत्यक्षात काढणं दहापट अवघड. पेशंट बोलू शकत नसेल तर हॉस्पिटलचा प्रायमरी बोर्ड बसतो, उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयातले पाच वर्षं अनुभवाचे दोन, मग सेकंडरी बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या सीएमओने (मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने) नेमलेला डॉक्टर, दोन्हींनी शक्यतो ४८-४८ तासांत सांगायचं, मग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवून मशीन काढायचं. कागदावर चार दिवस. पण बऱ्याच हॉस्पिटलांत हा बोर्ड कधी बसलेलाच नसतो, मॅनेजमेंट घाबरतं.

आणि सगळ्यात जास्त वेळा घडतं ते सांगतो. लिव्हिंग विल कपाटात, बाबांना रात्री श्वास लागला, घरच्यांनी घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली, कॅज्युअल्टीत सव्वीस वर्षांचा रेसिडेंट, त्याने विचारलं काय करायचं, मुलगा म्हणाला "साहेब काय वाटेल ते करा पण वाचवा", ट्यूब आत. चूक कुणाचीच नाही. म्हणून कागद बेडजवळ प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये, आणि रात्री कुणाला फोन करायचा ते आधी ठरलेलं.

---

निशिगंध

सायली, मी यातून गेलेय. आई, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), २०२१.

आईचं काहीच लिहिलेलं नव्हतं. ती फक्त म्हणायची "मला घरी मरू द्या गं". व्हेंटिलेटरवर अकरा दिवस होती, हात बांधलेले कारण ती ट्यूब ओढायची. बाराव्या दिवशी आम्ही विचारलं की आता थांबवता येईल का, तर म्हणाले आमच्याकडे अशी पद्धत नाही, न्यायचं तर तुमच्या जबाबदारीवर न्या. डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइसचा छापील फॉर्म, त्यावर भावाने सही केली "आम्ही स्वखुशीने नेत आहोत". स्वखुशीने! ॲम्ब्युलन्समध्ये अँबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत नेलं, घरी पोचून चाळीस मिनिटांत गेली. ना मॉर्फिन ना काही. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, मला वाटतं बऱ्याच ठिकाणी असंच चालतं, कायद्याने जे आत, नीट, औषध देऊन करता येतं ते बाहेर ढकलायचं आणि कागदावर सगळं घरच्यांच्या गळ्यात.

भाऊ अजून त्या सहीबद्दल बोलत नाही. म्हणून तुझ्या दादाचा राग धरू नकोस. त्याला पोलिसांची भीती नसेल कदाचित, सहीची असेल. बाबांनी स्वतः लिहिलं की ती सही त्याची राहत नाही.

---

चौकस

थोडा विरोधी सूर. लिव्हिंग विल वगैरे सगळं ठीक पण आपल्या समाजात म्हातारी माणसं "आपण ओझं झालोय" म्हणून सही करतील, आणि सातबाऱ्यावर नजर असलेले नातेवाईक करून घेतील, याचं काय? आणि दुसरं, स्वित्झर्लंडमध्ये तर परदेशी माणसालाही मरायला मदत मिळते म्हणे, मग तिकडे नेलं तर? (तात्त्विक विचारतोय, कुणी गैरसमज करू नये.)

---

काळाकोट

चौकस, पहिला मुद्दा खरा आहे, थट्टेवारी नेण्यासारखा नाही. दोन घराबाहेरचे साक्षीदार, नोटरी, दोन बोर्ड हे सगळं त्याच भीतीपोटी आहे. आणि लक्षात घ्या, लिव्हिंग विल केल्याने कुणी लगेच काही थांबवू शकत नाही. आजार बरा न होणारा आहे, सुधारण्याची आशा नाही आणि पेशंटला स्वतः सांगता येत नाही, एवढं डॉक्टरांच्या बोर्डांनी मान्य केल्याशिवाय तो कागद कामालाच येत नाही. उलट कागद नसताना नातेवाईकच सगळं ठरवतात, सातबारावाल्यांना ते जास्त सोयीचं. प्रॉपर्टीचं मृत्युपत्र आणि हे, दोन वेगळे कागद ठेवा, एकात एक घुसडू नका, कारण मृत्युपत्र उघडतात तोवर माणूस गेलेला असतो.

स्वित्झर्लंड: तिथल्या दंडसंहितेत स्वार्थी हेतूने मदत केली तरच गुन्हा, म्हणून डिग्निटाससारख्या संस्था १९९८ पासून परदेशी लोकांनाही घेतात, पण शेवटचा घोट पेशंटने स्वतःच घ्यायचा असतो. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून डॉक्टर स्वतः इंजेक्शन देऊ शकतो, कडक अटींवर. अमेरिकेत ओरेगनला १९९७ पासून, सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित असेल तर प्रिस्क्रिप्शन मिळतं, गिळायचं स्वतः. कॅनडात २०१६ पासून. पण इथून तिकीट काढून नेणारा नातेवाईक भारतात परतल्यावर साहाय्याच्या कलमात येतो का, हा प्रयोग मी माझ्या कुठल्याही अशिलाला करू देणार नाही. आपल्या नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही आपला कायदा लागू होतो.

---

जुनाखोड

अवांतर: आपल्याकडे हे काही नवीन नाही. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध दोन्ही बंद केलं, १५ तारखेला गेले. इंदिरा गांधी भेटून गेल्या होत्या. कुणी गुन्हा दाखल केला नाही. तेव्हा ३०९ कलम जिवंत होतं बरं का, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा. जैनांच्या संथाऱ्यावर (मरेपर्यंत उपवासाच्या व्रतावर) राजस्थान हायकोर्टाने ऑगस्ट २०१५ मध्ये बंदी घातली आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. मोठ्या माणसाने अन्न सोडून मरण पत्करलं की प्रायोपवेशन, आमच्यासारख्याने केलं की पंचनामा, असा आपला हिशेब. मुंबईत मिनू मसानींनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी १९८१ मध्ये संस्था काढली तेव्हा लोक हसले होते.

मी ७९. माझं लिव्हिंग विल झालंय. नोटरीने दोनदा विचारलं की घराचं काय लिहायचं, म्हटलं अरे घराचं नाही रे, माझं.

---

काळाकोट

जुनाखोड काका, भारी. फक्त एक पुरवणी, ३०९ आता नव्या संहितेत नाही. १ जुलै २०२४ पासून आत्महत्येचा प्रयत्न सरसकट गुन्हा उरला नाही, सरकारी नोकरावर दबाव आणायला केला तरच २२६ कलम. मदत करणं मात्र गुन्हाच आहे.

---

सायली_७८

सगळ्यांचे आभार, तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण घरात बरंच काही झालं.

आयसीयू_नाईटड्युटी, तुम्ही म्हणालात तसं विचारलं. आधी नळ्यांचं. कागदावर तीन चित्रं काढली, वेडीवाकडी, गळा नाक पोट. बाबांनी गळ्यावर फुली मारली, नाकावर मारली, पोटावर बराच वेळ खडू टेकवून बसले आणि मग पाटीवर लिहिलं "पोटातली चालेल. आमटी जाते का त्यातून". महिनाभर आम्ही तिन्ही नळ्यांना नाही धरून बसलो होतो.

मग दुसरं विचारलं, इंजेक्शनचं. दादा खोलीत होता, मुद्दामच थांबवलं त्याला. बाबांनी लिहिलं "गुदमरून नको. बाकी केव्हाही". दादाने ते वाचलं आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. निशिगंध, तुझा प्रतिसाद मी त्याला रात्री दाखवला, काही बोलला नाही, पण सकाळी पॅलिएटिव्हवाल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट त्यानेच घेतली. मॉर्फिनबद्दल ते समजावून सांगणार आहेत, पेगची तारीख पण तेव्हाच ठरेल.

कागदाचं म्हणाल तर बाबा ३१ वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात कारकून होते, लोकांची मृत्युपत्रं नोंदवण्यात हयात गेली. मी नेटवरून मसुदा उतरवून टाइप करून दिला तर पेन्सिलने चार ठिकाणी दुरुस्त्या. "सदर" शब्द दोनदा आला म्हणून एक खोडला, "कृत्रिम उपचार नकोत" वर मोठं प्रश्नचिन्ह, आणि खाली लिहिलं "साक्षीदार नातेवाईक नको, वरच्या मजल्यावरचे चालतील. खाडाखोड असल्यास नव्याने टाइप करावे". निर्णय कोणी घ्यायचा त्या जागेवर मी माझं नाव घातलं होतं. त्यांनी बाण काढून वर दादाचं लिहिलं, माझं दुसरं.

नोटरी शुक्रवारी घरी येतोय, बाबांना जिने उतरता येत नाहीत. आता राहिलं कस्टोडियन. कुणाला अनुभव आहे का?

---

आयसीयू_नाईटड्युटी

आमटी गाळून, पातळ करून, डाएटिशियनला विचारून. सांगा त्यांना.

---

काळाकोट

महाराष्ट्रात यासाठी डॉ. निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, त्यानंतर सरकारने स्थानिक संस्थांमध्ये कस्टोडियन नेमले. महापालिका असेल तर आरोग्य विभागात विचारा, नगरपालिका असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या ऑफिसात. आदेश सोबत छापून न्या, समोरच्याला माहीत असेलच असं नाही. प्रत दिल्याची पोच शिक्क्यासकट घ्या, तुमच्या वडिलांना ती नसेल तर चालणार नाही असं दिसतंय.

---

सायली_७८

शिक्क्याचं वाचून हसले ते. सोमवारी नगरपालिकेत जातेय. आत्ता फोन केला होता, उचलणाऱ्याने विचारलं कस्टोडियन म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी का पाणीपट्टी.